वखारीचा काटा

पडेगाव, औरंगाबाद
४ ऑगस्ट १९८६

चि. बद्रीनाथ,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी. आधी कामाचं.

गुडघ्यांच्या पट्ट्या पार्सलनं पाठवल्या आहेत. त्या मुलींसाठी आहेत. मागच्या खेपेचा एक जोड तुझ्या मेहुण्याच्या पायात दिसला होता, म्हणून स्पष्ट लिहिते.

तुझ्या पत्रात "माझा संघ", "माझी शिस्त", "माझं विजेतेपद" असं सगळं माझं-माझं आहे. मैदानात सात मुली दम कोंडून कबड्डी खेळतात आणि तू कडेला शिट्टी फुंकतोस. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अगाथा आम्हाला थ्रोबॉल शिकवायच्या. पायघोळ झगा एका हातात धरून आमच्याबरोबर धावायच्या. आम्ही हरलो की म्हणायच्या, "मी चुकीचं शिकवलं." जिंकलो की गप्प. तुझं नेमकं उलटं आहे.

अहिल्या क्रीडा मंडळाची मी अध्यक्ष आहे. कोणा मोठ्या माणसाच्या बायकोनं नकार दिला म्हणून तू माझ्याकडे आलास, हे मला ठाऊक आहे. पण एकदा खुर्चीवर बसले की मी नुसती बसत नाही. पोलीस ॲक्शननंतर कलेक्टर कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आणि सुपरिटेंडंट म्हणून बाहेर पडले, ती काही मान डोलावून नव्हे.

खुलताबादच्या आसपासच्या वस्त्यांवर घरोघर मी फिरले, तेव्हा कुठे आईबापांनी पोरींना हाफपँट घालून मैदानात पाठवलं. चतुराच्या आजोबांनी, मल्हाररावांनी, मला घोंगडीवर बसवलं आणि सांगितलं, "बाई, जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर पोरगी आनखी दोन वर्सं शिकंल, खेळंल. नाय झाली तर दिवाळीनंतर सोयरीक बघायची. आन् तिला काई झालं तर मी मास्तरला नाय इचारणार. तुमाला इचारीन." मी हो म्हटलं. हे विसरू नकोस.

आता एक प्रश्न. तू रोज संध्याकाळी मुलींना रांगेत उभं करून वजन करतोस आणि आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगतोस, असं ऐकलं. खरं आहे का? उत्तर दे.

तुझी,
द्वारका आत्या

*

खुलताबाद
९ ऑगस्ट १९८६

ती. आत्यास बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार.

पट्ट्या पोचल्या. मेहुण्याच्या पायातला जोड फाटका होता.

वजनाचं ऐकलंत ते खरं आहे. किशोरी गटाला वजनाची मर्यादा असते. एकही मुलगी वर भरली तर ती संघाबाहेर जाते. आकडा सगळ्यांसमोर सांगितला की मुलींना लाज वाटते, आणि लाज वाटली की त्या तोंडाला आवर घालतात. हे शास्त्र आहे आत्या. थ्रोबॉलला वजन लागत नाही, म्हणून तुमच्या सिस्टरना माहीत नसणार.

आनंदाची गोष्ट म्हणजे रामकिसनशेठनी मंडळाला एक वजनकाटा कायमचा भेट दिला आहे. माणूस सहज उभा राहील असा भक्कम आहे. आम्ही हार घातला, नारळ फोडला. शेठनी चार शब्द सांगितले, मुलींनी टाळ्या वाजवल्या.

चतुरा आपली सर्वांत चांगली चढाईपटू. तिच्यासारखा पाय कोणाचा नाही. मेंढरांमागे डोंगर चढून तयार झालेला पाय आहे तो. फक्त मर्यादेच्या दीड किलो वर आहे. तीही मनापासून सहकार्य करते आहे. निवड महिनाअखेरीला औरंगाबादलाच आहे. चिंता नसावी.

घरी सगळे ठीक. गॅसचा नंबर अजून लागलेला नाही. रामकिसनशेठच्या वखारीतून महिन्याचं लाकूड आणतो, ते वीस दिवसांत संपतं. मी हिला म्हणतो तू चूल उगाच पेटती ठेवतेस. ती म्हणते शेठ मापात मारतो. गावात सगळेच असं म्हणतात, पण दुसरी वखार कुठे आहे?

आपला,
बद्री

*

पडेगाव
२२ ऑगस्ट १९८६

बद्रीनाथ,

काल गुरुवारी राजाबाई, म्हणजे चतुराची आजी, छावणीच्या बाजारात दोन बोकड विकून परत जाताना माझ्याकडे उतरली. पाण्याचा तांब्या एका दमात संपवला. मी पोहे केले, तर हातसुद्धा लावला नाही. "मागनं खाईन," म्हणे. म्हाताऱ्या माणसांचे नखरे. आमची आईही अशीच होती. मग बोलायला लागली.

"बाई, पोरीनं उपास धरलाय."

"मग धरू दे. श्रावण आहे. अर्धं गाव उपाशी असतं."

"श्रावनाचा नाय. सोमवारी बी, मंगळवारी बी, रोजच. सांजच्याला भाकरीला शिवत नाय. इचारलं कोन्त्या देवाचा, तर सांगत नाय. म्हनती, सांगितलं तर फळत नाय."

"पाणी पिते का?"

"कसनुसं. आन् घोंगडी आंगावर घेऊन पळती. या उकाड्यात! टेकडीवर जाती, खाली येती, परत जाती. मी म्हनलं, आगं मेंढरं तरी एवढी पळत न्हाईत. तर म्हनती, सरांनी सांगितलंय, घाम काढायचा."

आता मला कळलं, तो कोणता देव. त्याच्या गळ्यात शिट्टी असते.

बद्री, पंधरा वर्षांची वाढती मुलगी आहे ती. दिवसभर शाळा, घरी पाणी भरणं, मेंढरं, वर तुझा सराव. आणि तू तिची संध्याकाळची भाकरी काढून घेतलीस? घोंगडीत गुंडाळून पळवतोस? हे पत्र मिळताच थांबव. सल्ला समजू नकोस. मंडळाच्या अध्यक्षाचा हुकूम समज. आणि निवडीची तारीख, वेळ, मैदान कळव. मी येणार आहे.

राजाबाईला मी काही सांगितलं नाही. ते काम तुझं आहे.

द्वारका आत्या

*

खुलताबाद
२६ ऑगस्ट १९८६

ती. आत्यास नमस्कार.

आपल्या पत्रातली भाषा वाचून वाईट वाटलं. मीही बाप आहे.

चतुरावर कोणीही जबरदस्ती केलेली नाही. मी तिला एवढंच सांगितलं, की वजन बसलं नाही तर द्वारकाबाई मॅडमसुद्धा तुला खेळवू शकणार नाहीत, आणि निवड झाली नाही तर तुझे आजोबा काय करतील ते तुला माहीत आहे. पुढचा निर्णय तिनंच घेतला. स्वखुशीनं. मुलींना जिद्द असते, ती आपण मोडू नये.

आपण कॉन्व्हेंटात वाढलात, वेळेवर घंटा आणि वेळेवर जेवण. इकडे गावातल्या पोरींना काही मिळवायचं तर सोसावं लागतं. घरोघरच्या बाया महिनाभर उपास करतातच की. त्यांना कधी काही होत नाही.

दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. ३१ तारखेला फक्त वजनतपासणी आहे. सामने सोमवारी १ सप्टेंबरला सकाळी दहा वाजता, आपल्या नेहमीच्या मैदानावर. आपण सोमवारीच यावं. रविवारी उगाच उभं राहून त्रास होईल.

बद्री

*

खुलताबाद
१ सप्टेंबर १९८६

ती. आत्या,

घाईत लिहितो. आयोजकांनी ऐनवेळी कार्यक्रम बदलला आणि सामने कालच उरकले. आपल्याला कळवायला वेळ मिळाला नाही, क्षमस्व.

दुर्दैवानं आपण पहिल्याच फेरीत हरलो. पण एक अभिमानाची गोष्ट. वजनतपासणीत चतुरा मर्यादेच्या चार किलो खाली भरली! पंच बघतच राहिले. याला म्हणतात मेहनत.

पहिल्या चढाईत तिला ऊन लागून जरा चक्कर आली. घाटी दवाखान्यात दाखवून आणलं. आता ठणठणीत आहे. निवड मात्र झाली नाही. नशीब.

आपण आता मल्हाररावांकडे जाण्याची तसदी घेऊ नये. मी बघतो.

बद्री

*

पडेगाव
५ सप्टेंबर १९८६

बद्रीनाथ,

आज शिक्षक दिन. माझ्याकडून शुभेच्छा नाहीत.

सोमवारी दहाच्या ठोक्याला मी छत्री घेऊन मैदानावर हजर होते. तिथे एक माणूस मांडवाचे बांबू सोडत होता. म्हणाला, "मॅडम, मॅचेस तो कल खतम. छपी हुई पत्रिका में भी इतवार ही था." कार्यक्रम ऐनवेळी बदलला म्हणतोस? तो पंधरा दिवसांपूर्वी छापला होता.

तुझं दुसरं खोटं. रविवारी ऊन लागलं म्हणे. रविवारी औरंगाबादेत दिवसभर आभाळ भरलेलं होतं. माझं धुणं मंगळवारपर्यंत वाळलं नाही.

काल पोळा होता. मी पहिल्या एस.टी.नं खुलताबादला आले आणि तुझ्या दारावरून, तुला हाक न मारता, वस्तीवर गेले. चतुरा बाजेवर पडली होती. तुझी "जरा चक्कर" म्हणजे ती मैदानाच्या मधोमध कोसळली, तासभर धड शुद्धीवर नव्हती आणि तिला सलाईनच्या दोन बाटल्या लावाव्या लागल्या. तिच्या ओठांना भेगा पडल्या आहेत. मला बघून उठायला लागली.

मी म्हटलं, "पडून राहा. मी काही काटा आणलेला नाही."

हसली. मग आजी बाहेर गेलेली बघून माझा हात धरला. "बाई, आजीला सांगू नका. आजोबांना कळलं की सरांनी सांगितलं होतं, तर ते सरांना सोडनार नाहीत. आन् मला परत मैदान दिसनार नाही."

"पाणीसुद्धा प्यायली नव्हतीस?"

"शनिवारी दुपारपासून नाही. सर म्हनाले, फक्त चूळ भरायची. सकाळी आपल्या काट्यावर बरोबर मर्यादेवर भरले. लई खूश झाले सर. आन् तिथल्या काट्यावर चार किलो कमी. बाई, रस्त्यात चार किलो कुठं गेले?"

पोरीनं विचारलं. तुला विचारावंसं वाटलं नाही. तू त्याला मेहनत म्हटलंस.

परत येताना मी तुमच्या मैदानाच्या खोलीत गेले. तुझ्या शिपायानं, बन्सीनं, कुलूप उघडलं. काट्यावर वाळका हार अजून आहे. मी चढले. आमच्या डॉक्टरांकडे माझं वजन अठ्ठावन्न भरतं. तुझ्या काट्यावर बासष्ट. मधल्या वेळात मी राजाबाईची एक पुरणपोळी खाल्ली होती. ती बिचारी वाढत राहिली, स्वतः काही बसली नाही. पण चार किलोंची पुरणपोळी अजून कोणी केलेली नाही.

बन्सीला विचारलं, हा काटा कुठला? तो म्हणाला, "वखारीतला की. म्हनून तर जास्त दावतो." इतक्या सहज, जणू सूर्य उगवतो असं सांगतो आहे.

तुझं ९ ऑगस्टचं पत्र माझ्यासमोर आहे. त्यात वरच्या अंगाला तू शेठच्या काट्याला नारळ फोडला आहेस आणि खालच्या अंगाला त्याच शेठचं लाकूड वीस दिवसांत संपतं म्हणून रडला आहेस. लाकूड विकणाऱ्याचा काटा कुठल्या बाजूला झुकतो, हे खुलताबादच्या शेंबड्या पोराला माहीत आहे. तुलाही माहीत होतं. चुलीत जाणाऱ्या लाकडासाठी तुला तो काटा खोटा वाटला. पोरींसाठी खरा वाटला.

ती पहिल्या दिवसापासून मर्यादेच्या आत होती, बद्री. तिला एक घास कमी करायची गरज नव्हती.

निघताना मल्हारराव बांधापर्यंत सोडायला आले. विचारतील म्हणून मी तयारी करून होते. त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "निवड नाय झाली. आता दिवाळी झाली की बघू सोयरीक. पोरीनं तिच्याकडनं लई केलं, बाई. अंगातच नाय, त्याला कोन काय करनार?"

अंगातच नाही. आता त्यांना असं वाटतं.

द्वारका

*

खुलताबाद
९ सप्टेंबर १९८६

ती. आत्या,

आपलं पत्र वाचून मला धक्का बसला. मी ताबडतोब दुकानातून दहा किलोचं वजन नेऊन काटा तपासला. आपण म्हणता ते खरं आहे. मी रामकिसनशेठकडे जाऊन कडक शब्दांत बोललो. ते म्हणाले, "सर, दान दिलेल्या वस्तूला खोट काढू नये." काय निर्लज्ज माणूस!

आपण सगळेच फसवले गेलो. माझा हेतू स्वच्छ होता, हे आपणही मान्य कराल. काटा खोटा असेल अशी मला कल्पना असती तर मी चतुराला एक दिवसही उपाशी ठेवलं नसतं.

शाळेनं नवा, सरकारी शिक्क्याचा काटा मंजूर केला आहे. पुढच्या वर्षी अशी चूक होणार नाही. आता हा विषय आपण मिटवावा.

रविवारच्या सामन्यांबद्दल मी खोटं लिहिलं त्याची माफी. आपण मैदानावर आला असतात तर मुली घाबरल्या असत्या.

बद्री

*

पडेगाव
१२ सप्टेंबर १९८६

बद्रीनाथ,

काटा खरा असता तर?

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण तुझा भरवसा नाही. तू उत्तर लिहिशील, "तर ती जिंकली असती."

समज, ती खरोखर दीड किलो वर होती. मग तिचं पाणी तोडणं बरोबर झालं असतं? घोंगडीत पळवणं? सगळ्यांसमोर आकडा ओरडणं? "आजोबा काय करतील ते तुला माहीत आहे" असं त्या पोरीला म्हणणं, आणि वर त्याला तिची स्वखुशी म्हणणं? काट्यानं तुला चार किलोंनी फसवलं. बाकीचं सगळं तुझं तू केलंस. आणि मुली घाबरल्या असत्या म्हणे. माझ्या वयाला तरी शोभेल असं खोटं बोलत जा.

तुझ्या हातात काय आहे हे तुला समजलेलं नाही. तुझ्या वर्गात तुझं कोणी ऐकत नाही, घरी बायको ऐकत नाही, मीही ऐकत नाही. जगात फक्त त्या सात मुली आहेत, तू "पाणी पिऊ नका" म्हटलंस की पाणी न पिणाऱ्या. ज्याचं इतकं ऐकलं जातं त्यानं तोंड उघडण्याआधी दहादा विचार करावा. तू शिट्टी फुंकलीस.

मी तुला काढून टाकू शकते. मंडळाच्या बैठकीत एक ठराव आणला की झालं. तुझ्या जागी दुसरा शिट्टीवाला येईल आणि तो नवा काटा बघून खूश होईल. म्हणून तूर्त काढत नाही.

तू वस्तीवर जायचं. मल्हाररावांसमोर आणि राजाबाईसमोर बसायचं आणि तो उपास कोणत्या देवाचा होता ते तुझ्या तोंडानं सांगायचं. पोरीच्या अंगात होतं, तूच ते काढून घेतलंस, हेही सांगायचं. ते काठी घेतील तर खा. मी बरोबर येणार नाही. मी आले तर तू माझ्या पदरामागे उभा राहशील.

दिवाळीच्या आत. नंतर गेलास तर उपयोग नाही.

द्वारका आत्या

*

खुलताबाद
१५ ऑक्टोबर १९८६

ती. आत्या,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं. दोनदा वस्तीच्या वाटेला लागलो आणि परत फिरलो. एकदा कुत्रं भुंकलं हे कारण पुरलं. दुसऱ्या वेळी तेही नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. मल्हारराव लोकर निवडत होते, राजाबाई भाकऱ्या थापत होत्या. चतुरा दारात उभी राहिली. मी पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो. म्हणालो, "आजी, तिचा उपास देवाचा नव्हता. मी सांगितला होता. चुकीच्या काट्यावर. आणि काटा बरोबर असता तरी मी सांगायला नको होता. तिच्या अंगात होतं. मी तिला मैदानात नेलं तेव्हाच ती अर्धी संपली होती."

मल्हारराव लोकर निवडत राहिले. मी काठीची वाट बघत होतो.

राजाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "म्हंजे देव नव्हता?"

"नाही, आजी."

"मंग मी कोनासाठी धरलाय?"

मला कळेना. मग चतुरानं सांगितलं आणि सांगता सांगता रडायला लागली. आत्या, पोरगी देवाचं नाव सांगत नव्हती म्हणून म्हातारीनंही तिच्या जोडीला उपास धरला होता. श्रावणापासून. दिवसभर नुसतं पाणी, रात्री अर्धी भाकरी. "एकटीचा कमी पडला तर," म्हणाल्या. निवड झाली नाही, पोरगी आजारी पडली, तर त्यांना वाटलं आपलंच कुठंतरी चुकलं. आणि सोडायचा तर कोणाला सांगून सोडायचा, देवाचं नावच माहीत नाही. म्हणून परवापर्यंत चालूच होता.

 मग राजाबाईंनी ताटलीत भाकरी आणि ठेचा घालून ती माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "तुमीच धरायला लावला ना? मंग तुमीच सोडवा."

मी घास मोडून त्यांना दिला. त्यांनी खाल्ला. 

निघताना मल्हारराव पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "मास्तर, बाईंना सांगा, औंदाचं साल आमी मोजत नाय. पोरीला पुढचं साल दिलं." आणि हातातली लोकर झटकत, "तुमालाबी."

काल चतुरा मैदानावर आली. नवा काटा आला आहे. मी मुलींना म्हटलं, आता दर महिन्याला एकदाच, एकेकीला आत बोलावून. तर चतुरा म्हणाली, "सर, आधी तुमी चढा. आन् मोठ्यानं सांगा."

चढलो. सांगितलं. आकडा आपल्याला लिहीत नाही. मुली हसून हसून जमिनीवर बसल्या.

आपला,
बद्री

*

पडेगाव
१८ ऑक्टोबर १९८६

चि. बद्री,

पत्र पोचलं.

ऑगस्टातल्या त्या गुरुवारी राजाबाई माझ्या ओट्यावर बसली होती. मी तिच्यापुढे पोहे ठेवले, तिनं हात लावला नाही, आणि मी तुला लिहिलं, म्हाताऱ्या माणसांचे नखरे. नंतरही ती दोनदा आली, दोनदा नुसत्या पाण्यावर गेली. पोळ्याला मला वाढत राहिली आणि स्वतः बसली नाही. तेही मी तुला लिहिलं. तुझी पत्रं ओळ न् ओळ तपासत होते मी, माझी तपासली नाहीत. समोर बसलेल्या उपाशी बाईशी तासभर उपासाबद्दल बोलले आणि मला दिसलं नाही.

तेव्हा तुला आणखी काही बोलायचं ते आज राहू दे. पुढच्या पत्रात बोलेन, फार खूश होऊ नकोस.

गुरुवारी ती बाजाराला आली की मी तिला जेवायला थांबवते आहे. तूही ये. चतुराला घेऊन ये. तुझं वजन मी विचारणार नाही, पण ताटात काही टाकलंस तर याद राख.

पहिल्या पत्रातले आशीर्वाद राहिले होते, ते आता देते.

द्वारका आत्या